दोन बोटं उमेदीची

वाळत घातलेल्या कामाला परक्या माणसाने हात लावलेला योसीनाला मुळीच खपायचा नाही. आणि हा माणूस तर नुसता हात लावून थांबला नव्हता, चक्क बोटांनी मोजत होता!

दाइल नदीच्या काठी, दुकानामागच्या अंगणात, चौकटींवर ताणलेली सहा निशाणं वाळत होती. आभाळ भरलेलं. भुरभुर कधी सुरू होईल याचा नेम नाही, म्हणून ती घडीघडी बाहेर येऊन बघत होती. तर हा कुंपणाच्या आत उभा! उंच, किडकिडीत, बूट चिखलाने माखलेले, कमरेला दौत, बगलेत वही. सरदार रोबरेख्तच्या लाल पताकेसमोर वाकला होता आणि तिच्या दोन शेपट्या जिथे फुटतात तिथे बोटं टेकवून स्वतःशीच काही पुटपुटत होता.

"ओ! काय चाललंय?"

तो दचकला. तेवढ्यात नदीवरून वारा आला, चौकटीचा दोर सुटला आणि ओली पताका फाडकन त्याच्या तोंडावर बसली. योसीनाने धावत जाऊन आधी पताका सोडवली, मग माणसाकडे पाहिलं. नाकावर आणि डाव्या गालावर सोनेरी रंग फासला गेला होता.

"सिंहाचं काही बिघडलं नाही ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"दोन नखं गेली. तुमच्या नाकावर आहेत."

"मग परत करू का?"

"असू द्या. शोभतायत." ती बोलून गेली खरी, पण लगेच आवाज चढवला. "आत कशाला आलात? काय मोजत होतात?"

"मोजत... नाही. बघत होतो." कान लालबुंद झाले त्याचे. खोटं बोलायची सवय नसावी. "मला एक सांगा, याला तुम्ही काय म्हणता?"

"पताका."

"ते हल्लीचं झालं. तुमची आजी काय म्हणायची?"

आता मला सांगा, आमच्या या मेखेलन गावात आजवर कुणी कुणाला असलं विचारलं होतं का? लोक भाव विचारतात, पाऊस विचारतात, कुणाच्या घरी पाळणा हलला ते विचारतात. आजी निशाणाला काय म्हणायची हे विचारणारा एक तर खुळा असतो, नाहीतर त्याला दुसरंच काही काढून घ्यायचं असतं. हा खुळा तर दिसत नव्हता.

"आजी वारली," योसीना म्हणाली. "तिकडून दार आहे."

तिचं असं चवताळणं उगीच नव्हतं. दुकान तिच्या वडिलांचं. चितारी हान्नेस म्हणजे एके काळी निशाणांच्या कामातला शेवटचा शब्द, पण चार वर्षांपासून त्यांना हाताएवढ्या अंतरापलीकडे धुकंच दिसायचं. काम सगळं योसीना करायची आणि त्यावर शिक्का वडिलांचा पडायचा. चितारी संघाने मुलीला स्वतःचा शिक्का दिला नव्हता. संघातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण काम चोख होतं. कामात एक चूक चव्हाट्यावर आली असती तर शिक्का काढून घेतला असता, आणि डोळे गेलेल्या म्हाताऱ्याच्या हाती मग उरलं काय असतं? शिवाय पलीकडच्या गल्लीत डेनाइस चितारी त्याची वाटच बघत बसला होता.

आणि चूक... होती. म्हणजे योसीनाच्या लेखी ती चूक नव्हतीच. तिने जाणूनबुजून केलं होतं ते.

निशाणांचं असं असतं. साधा सरदार दोन शेपट्यांची पताका लावतो. त्याने मोठा पराक्रम केला आणि मालकाची मर्जी बसली, की सगळ्या फौजेसमोर त्याच्या पताकेच्या शेपट्या सुरीने कापतात. उरतं ते चौकोनी निशाण. तेव्हापासून तो बडा सरदार, त्याच्या हाताखाली बाकीचे चालतात. म्हणून प्रत्येक चितारी पताका रंगवताना चित्र आणि शेपट्या यांच्यामध्ये दोन बोटं जागा कोरी सोडतो. संघात त्या जागेला म्हणतात, दोन बोटं उमेदीची. उद्या कापायची वेळ आली तर चित्राला सुरी लागू नये, एवढाच हेतू.

रोबरेख्तची उमेद मात्र कधीच सरली होती. साठी ओलांडलेला साधा माणूस, तीस वर्षं चाकरी, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या शेपट्या कापल्या जायच्या. दरबारात त्याची थट्टा व्हायची. योसीनाला त्याची दया यायची. या वेळी तिने ठरवलं, बिचाऱ्याला वर तर कुणी चढवणार नाही, निदान सिंह तरी असा रुबाबदार देऊ की बघणाऱ्यांनी बघतच राहावं. तिने सिंह मोठा काढला, आणि त्याच्या शेपटीचा गोंडा कोऱ्या दोन बोटांवरून थेट वरच्या लाल शेपटीत उतरवला. सुरेख दिसत होता! अगदी त्याच ठिकाणी तो लांबट माणूस बोटं लावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. या वेळी पुढच्या दाराने, आणि हातात गरम वाफलची, गोड जाळीदार पोळीची, पुडी. नाव सांगितलं कोलार. तिकडे आर्त्वाकडचा, फ्रेंच बोलणारा, पण आमची भाषाही बरी बोलायचा, जरा नाकातून.

"मी शब्द गोळा करतो," तो म्हणाला. "निशाणांची नावं. कुठलं नाव कुठून आलं, आधी काय म्हणत, आता काय म्हणतात."

"आणि त्याचं करता काय?"

"वहीत लिहितो."

"पुढे?"

"पुढे..." त्याने डोकं खाजवलं. "पुढे पान उलटतो."

हान्नेस खोखो हसले. म्हाताऱ्याला माणूस तिथल्या तिथे आवडला. योसीना हसली नाही. निदान तोंडावर तरी नाही.

"योसी, सांग की त्यांना. तुझी आजी 'वान' म्हणायची. लहान असो मोठं असो, सगळ्याला वान."

कोलारने वाफल खाली ठेवलं. चेहरा असा उजळला की बस. "वान! अहो, आमच्या जुन्या युद्धकथांमध्ये मोठमोठे राजे मिरवतात त्या निशाणाला गोनफानों म्हणतात. दरबारी लोक हा शब्द उच्चारताना छाती पुढे काढतात. त्यातलं पुढचं गोन म्हणजे लढाई. आणि मागचं फानों म्हणजे... मला वाटतं, तुमच्या आजींचं वान. साधं कापड. फडकं."

"म्हणजे तुमचे राजे आजपर्यंत आमच्या आजीचं फडकं नाचवत होते?"

"तसंच म्हणायचं."

"आणि पेनन?" ही शेपट्यांची पताका. योसीनाला खरं म्हणजे विचारायचं नव्हतं.

"पंख, पीस, असं काहीसं. लॅटिनमधून. आणि स्टँडर्ड म्हणजे ते अवाढव्य निशाण, जे कुणी हातात धरत नाही, जमिनीत रोवतात. उभं राहतं ते."

"आणि बॅनर, ते चौकोनी?"

त्याने वहीची दोन पानं चाळली. "कुणी म्हणतं खूण, कुणी म्हणतं हुकूम. मला... माहीत नाही."

योसीनाने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. 'मला माहीत नाही' म्हणणारा शिकलेला माणूस तिने तोवर पाहिला नव्हता. डोळे पिंगट होते. पापण्यांत कालचा सोनेरी कण अजून चिकटून होता... पण छे! सगळं कसं जरा जास्तच गोड. त्याच डोळ्यांनी याने बोलता बोलता दोनदा मागच्या दाराकडे पाहिलं होतं. पताका तिथेच होती.

"काय पाहताय?"

"काही नाही. वारा बघतो."

तिने उठून मागचं दार लावून घेतलं. "आता बघा."

तिसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात तिला कळलं, तो शब्दवाला डेनाइसच्या दुकानातही तासभर बसला होता. चौथ्या दिवशी ती स्वतःच त्याच्या मागावर निघाली. पुलापर्यंत. तो पुलावर उभा राहून एका नावाड्याला काहीतरी विचारत होता, नावाडी हातवारे करत होता आणि हा भराभर लिहीत होता. मग एकदम मागे वळून म्हणाला, "मासळी बाजारापासून माझ्यामागे चालताय. दमला असाल. वही धरता का जरा? शाई सांडतेय."

"मी... मोहरी आणायला निघाले होते."

"मोहरीवाला तिकडे राहिला."

"इकडेही एक असतो!"

"असेल," तो गंभीरपणे म्हणाला. "मी इथला नाही, मला काय कळतंय?"

लाजेने तिचे कान तापले, पण वही हातात आली होती. तो दौत पुसेपर्यंत तिने पान उलटलं. फ्रेंच तिला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव मात्र ओळखू आलं. योसीना. दोनदा. आणि त्याखाली चित्र. तिचीच पताका, तिचाच सिंह, आणि गोंड्याच्या मुळाशी आडवी मारलेली रेघ.

तिने वही फटकन मिटली. म्हणजे हा चूक नोंदवतोय! संघाकडे जाणार, नाहीतर डेनाइसकडे. आणि ती, मूर्ख बाई, तीन दिवस त्याच्यासाठी आजीचे शब्द आठवत बसली होती, झोपेतसुद्धा!

वही त्याच्या छातीवर आदळून ती निघाली. "मोहरी?" तो मागून ओरडला. ती तोवर पूल उतरली होती.

शनिवारी दरबारी माणसं लढाईवर कूच करणाऱ्या सगळ्या सरदारांची निशाणं मोठ्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायला आली. सर्वांत पुढे कोलार. अंगात दरबाराचा भरजरी अंगरखा, तोही आडवा घातलेला, बाह्या छाती-पाठीवर आणि पुढचा-मागचा भाग दंडांवर. उमेदवार पारखी अंगरखा असाच घालतात, आणि पूर्ण पारखी झाले की सरळ करतात. पारखी म्हणजे निशाणांचे दरबारी जाणकार. कुणी काय लावायचं, कुणाचं खरं, कुणाचं खोटं, याचा निवाडा त्यांचा.

"म्हणजे तुम्ही पारखी," योसीना म्हणाली. आवाज थंड पडला होता.

"उमेदवार. अजून आडवाच आहे."

"एवढे दिवस तपासणी चालली होती तर."

तो काहीतरी बोलणार होता. मागे सहा माणसं उभी होती. त्याने पताका दोन्ही हातांवर घेतली, अगदी बाळ घ्यावं तशी, आणि हळूच म्हणाला, "नखं छान दुरुस्त केलीत." बस्स. गेला.

आणि रविवारी प्रार्थनेनंतर आभाळ कोसळलं.

सरदार रोबरेख्त स्वतः दुकानात आला. दारात उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. "हान्नेस, पोरी... उद्या सकाळी. नदीपलीकडच्या मैदानात. फौजेचे मार्शल माझ्या शेपट्या कापणार आहेत." एवढं बोलून साठीचा तो गडी स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला. "तीस वर्षं! मला आजच सांगितलं. मला वाटलं, थट्टा करतायत."

हान्नेसने त्याला मिठी मारली. योसीना भिंतीला टेकून उभी राहिली. तिला सुरी दिसत होती. दोन बोटं जागा नाही. सुरी गोंड्याच्या मुळावरून जाणार, आणि अख्ख्या फौजेसमोर रोबरेख्तच्या हाती येणार शेपूटतुटका सिंह. शेपूट नसलेल्या सिंहाला पारखी काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. बेअब्रू सिंह. भेकडाला, विश्वासघातक्याला शिक्षा म्हणून असला सिंह देतात. तीस वर्षांनी मिळालेल्या मानाच्या दिवशी म्हाताऱ्याला ती हे देणार होती, आणि तेही दयेपोटी!

ती धावतच चर्चमध्ये गेली. घंटाघराच्या खालच्या खोलीत निशाणं ठेवली होती आणि राखणीला होता कोलार, गुडघ्यावर वही घेऊन. याच्यापाशी तोंड उघडायचं? ज्याच्यावर आठवडाभर संशय घेतला त्याच्यापाशी? दुसरं होतंच कोण?

"माझ्याकडून चूक झालीय," ती म्हणाली.

"माहितीय."

"तुम्हाला ठाऊक आहे हे माहितीय मला! वहीत पाहिलं मी. कुणासाठी लिहिलंत? डेनाइससाठी?"

"माझ्यासाठी." तो उठून उभा राहिला. "ऐका. मार्शलांनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं, पण गुप्त. पताका नीट आहे ना ते गुपचूप बघून ये म्हणून मला पाठवलं. बघितलं, तर दोन बोटं जागाच नाही! इतका हुशार हात आणि ही चूक? मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम करवून घेतलं. सरदारांवर जळणारे काय कमी आहेत?"

"मी? पैसे खाऊन?" ती उसळली.

"संशय आला. म्हणून रोज येत होतो. सांगता येत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं." त्याने मान खाली घातली. "मग तुम्ही मोहरी आणायला निघालात, आणि मला कळलं की या बाईला साधं खोटंसुद्धा बोलता येत नाही."

ती त्याला काहीतरी जबरदस्त सुनावणार होती. पण डोळ्यांत पाणी आलं. "मी त्यांची कीव केली हो... मला वाटलं, हे काही वर चढत नाहीत. म्हणून जागा सोडली नाही."

कोलारने वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "दुरुस्त करता येईल?"

"रंग उद्यापर्यंत वाळायचा नाही. पण सुईने... लाल रेशमाचा तुकडा लावून जुना गोंडा झाकायचा, आणि पिवळ्या रेशमाचा नवा गोंडा आत वळवून शिवायचा. दोन्ही बाजूंनी. मला निशाण द्याल?"

"मी कोण देणारा? आशीर्वाद झालेलं निशाण आहे, आणि ते सरदारांचं आहे. त्यांनी हो म्हटलं तर देतो. आणि कारणही तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

तिला नको होतं तेच नेमकं. तरी गेली. कोलार बरोबर चालत होता. खानावळीच्या मागच्या बाकावर रोबरेख्त नव्या बुटांना चरबी चोळत बसला होता. तिने सगळं सांगितलं. दयेचंही सांगितलं. तेच सांगताना जीभ सर्वांत जड झाली.

रोबरेख्तचा हात थांबला. चेहऱ्यावरचं सकाळचं हसू विझलं, आणि ते बघणं तिला फार कठीण गेलं.

"मी पाहिलं होतं, पोरी," तो शेवटी म्हणाला. "आशीर्वादाला पताका हाती घेतली तेव्हाच. तीस वर्षं ती दोन बोटं बघत आलोय मी. दर नव्या पताकेवर. असं वाटायचं, ती मला हसतायत. या वेळी नव्हती. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग सिंह पाहिला... असा सिंह मला कुणी दिला नव्हता गं. म्हटलं, चला, हिने निदान जो आहे त्याच्यासाठी काढलाय, जो होईल त्याच्यासाठी नाही."

योसीना रडायलाच लागली.

"आता रडतेस कशाला? शिव जा! मला शेपूट पाहिजे उद्या." मग कोलारकडे वळून, "आणि रविवारी काम बंद असताना केलं म्हणून संघाने बोट दाखवलं, तर सांगा, रोबरेख्तने हुकूम दिलाय. उद्यापासून माझा हुकूम चालणार आहे म्हणे."

दुपारचं ऊन घंटाघराच्या खिडकीतून आत आलं होतं. पताका चौकटीवर उभी ताणली. दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच टाक्यात बसायला हवेत, म्हणून ती अलीकडे बसली आणि तो पलीकडे. मध्ये लाल रेशीम. तिने सुई टोचायची, त्याने ओढून घ्यायची आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर परत पाठवायची. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. कापडावर फक्त बोटांची सावली हलायची.

"आई गं!"

"टोचली? रक्त लावू नका कापडाला."

"लालच तर आहे."

"मला कळेल ते."

सुई आली, गेली. आली, गेली. वर घंटाघरात कबुतरं घुमत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते शब्द... तेही सोंगच होतं ना? आत शिरायला?"

पलीकडची सुई थांबली. 

"शब्द खरे आहेत. सहा वर्षं गोळा करतोय. दरबारात हसतात मला. पहिल्या दिवशी मी निशाण बघायला आलो होतो, आणि आजीचं विचारलं ते खरंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र..."

"मात्र काय?"

"शब्दही निमित्तच झाले."

"कशाचं?"

"सुई घ्या."

"आधी सांगा."

"तुमचं," तो म्हणाला.

योसीनाचं काळीज असं धडधडलं की तिला वाटलं, रेशीम हलत असेल आणि त्याला दिसत असेल. पण स्वभाव कुठे जातो? "असं अजून किती दुकानांत सांगितलंत?"

"डेनाइसच्या दुकानात डेनाइस आणि त्याचे तीन भाऊ असतात. तिथे नाही सांगितलं."

ती हसली. चांगली मोकळी हसली, पहिल्यांदाच. तो पलीकडून म्हणाला, "हसताय वाटतं. दिसत नाही हो मला. फार वाईट योजना आहे ही."

"वहीत माझं नाव दोनदा का लिहिलंय?"

"एकदा 'वान' कुणाच्या आजीचा ते नोंदवायला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा... उगीच. शाई उरली होती."

सुई तिच्या बाजूला आली. तिने सुई न घेता, कापडावर उमटलेल्या त्याच्या बोटाच्या टोकावर स्वतःचं बोट ठेवलं. रेशीम पातळ असतं. बोटाची ऊब आरपार येते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती म्हणाली, "टाका सैल पडतोय," आणि दोघं पुन्हा कामाला लागली.

सोमवारी सकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. संघाचे लोक पुढे, त्यात डेनाइसही. योसीना वडिलांचा हात धरून उभी होती आणि जे घडत होतं ते त्यांच्या कानात सांगत होती. रोबरेख्त भाला उभा धरून आला. मार्शलांनी सुरी काढली. कोलारने पताका भाल्यावरून उतरवून ताणून धरली, आडवा अंगरखा, दोन्ही हात पसरलेले. नक्की कुठे कापायचं ते त्याच्या अंगठ्याने दाखवायचं होतं. त्याने अंगठा नव्या गोंड्यापासून दोन बोटं पुढे टेकवला. तिला लांबूनही दिसलं.

"काय झालं गं? बोल ना!" हान्नेस म्हणाले.

"थांबा, बाबा. सुरी लावतायत," ती म्हणाली.

सुरी रेशमातून सरकली. वरपासून खालपर्यंत, न थांबता. दोन लाल शेपट्या कोलारच्या मनगटावर लोंबल्या, आणि मार्शलांनी निशाण उंच धरलं. चौकोनी. त्यावर सिंह, डोक्यापासून गोंड्यापर्यंत अख्खा, आणि गोंड्यापासून कडेपर्यंत बरोबर दोन बोटं मोकळी.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "चांगलं झालं."

फौजेने आरोळी ठोकली. रोबरेख्तने निशाण हातात घेतलं, सिंहाकडे पाहिलं, मग गर्दीत तिला शोधून काढलं आणि सगळ्यांसमोर तिच्यासाठी टोपी उतरवली. चितारी हान्नेससाठी नाही. तिच्यासाठी. संघाचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. डेनाइस तर बघतच राहिला.

कूच लगेच होती. कर्णे वाजत होते, घोडे फुरफुरत होते. कोलार गर्दीतून वाट काढत आला. कापलेल्या शेपट्यांवर पारख्याचा हक्क असतो. त्या त्याच्या हातात होत्या.

"एक तुझी, एक माझी," तो म्हणाला. कधी 'तू' म्हणायला लागला ते त्यालाही कळलं नसावं. त्याने कोरी शेपटी तिच्यापुढे धरली.

"ती दुसरी द्या. तिच्यात माझी चूक शिवलीय. मी जाळून टाकते."

"अजिबात देणार नाही. ती चूक नसती तर मी आलो असतो का तुझ्या अंगणात?"

कर्णा पुन्हा वाजला. तिने त्याच्याकडे पाहिलं. विचारण्यासारखं खूप होतं. परत कधी येणार? येणार का? त्याच्या घरी कोण कोण आहे? हे तरी खरं कशावरून?

"लढाई आहे," त्यानेच ओळखून सांगितलं. "वचन देत नाही. खोटं ठरलं तर तू माफ करणार नाहीस. पण परत यायचंय मला. इथेच. तुझ्याकडे. माझी बायको होशील?"

"होईन," योसीना म्हणाली. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. मी कुणाकडे चौकशीसुद्धा केलेली नाही." आणि आडव्या अंगरख्याची बाही धरून तिने त्याला खाली ओढलं आणि संघ, मार्शल, चर्च, सगळ्यांसमोर त्याच्या गालाचा मुका घेतला.

रांग पुलावरून गेली. सिंह सर्वांत पुढे होता, आणि त्याच्या मागे कुठेतरी एक लांबट माणूस सारखा वळून बघत घोड्यावर अवघडून बसला होता. ठिपका होईपर्यंत ती बघत राहिली.

"योसी, हातात काय आहे तुझ्या?" हान्नेसने चाचपून विचारलं.

"माझं लग्न ठरलं, बाबा."

"अं? कुणाशी?"

"त्या शब्दवाल्याशी."

"अगं पण तू तर आठवडाभर घसा फोडून सांगत होतीस की तो हेर आहे म्हणून!"

"होताच की! मी काय उगीच बोलते होय?" ती म्हणाली, हसली, आणि मग वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.